हॅपी बर्थडे, जोशी!

दर वर्षी ५ जानेवारीला माझा एक कॉलेजमधला मित्र मला न चुकता शुभेच्छा पाठवतो. आधी एसेमेस यायचा, आता व्हॉट्सॅप येतो. मजकूर तोच, "हॅपी बर्थडे जोशी!" माझा वाढदिवस ऑगस्टमध्ये असतो. बायकोने लग्नानंतरच्या पहिल्याच जानेवारीत विचारलं होतं, हा काय प्रकार आहे म्हणून. तेव्हा तिला सांगितलं होतं त्यापेक्षा जरा सविस्तर आज लिहितोय. कारण गेल्या महिन्यात माळ्यावरचा एक बिस्किटांचा डबा उघडला, आणि त्यात फ्लॉप्या निघाल्या.

तर, आधी तो वाढदिवस. जून १९९० मध्ये भारतात एक कॉम्प्युटर व्हायरस सापडला. त्याचं नाव जोशी. हा वर्षभर गपचूप मशीनमध्ये बसून असायचा आणि ५ जानेवारी उजाडली की स्क्रीन अडवून म्हणायचा, 'हॅपी बर्थडे जोशी' असं टाइप करा. केलं की सुटका, नाही केलं तर मशीन ढिम्म. कंट्रोल-आल्ट-डिलीट दाबून सुद्धा तो मेमरीतून जायचा नाही. पंचांग बघून उठणारा व्हायरस, त्याला जोशी हे नाव शोभतंच म्हणा! हा जोशी आपल्याकडचा, का गुजरातेतला, का कुमाऊंचा, ते काही त्याने लिहून ठेवलं नव्हतं. वाढदिवस मात्र भारताबाहेरच्या मशीनवर पण साजरा झाला.

लिहून ठेवणारेही होते. जानेवारी १९८६ मध्ये लाहोरहून निघालेला 'ब्रेन' हा पीसीवरचा पहिला व्हायरस समजला जातो. अमजद आणि बासित फारुक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला आणि त्यात चक्क स्वतःची नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातले! त्यांचं म्हणणं असं की, आमचं वैद्यकीय सॉफ्टवेअर लोक फुकट कॉपी करत होते, त्यांना पकडायला हे केलं. झालं काय, की व्हायरस अमेरिकेतल्या विद्यापीठांपर्यंत पोचला (डेलावेअर विद्यापीठात १९८७ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने चांगलाच धुमाकूळ घातला) आणि लाहोरच्या दुकानातला फोन वाजायला लागला. २०११ मध्ये मिक्को हिप्पोनेन नावाचा फिनलंडचा व्हायरसतज्ज्ञ त्या पत्त्यावर गेला, तर दोघे भाऊ तिथेच होते आणि इंटरनेट पुरवायचा धंदा करत होते. मला हे वाचून फार गंमत वाटली होती. आपल्या गुन्ह्यावर आपला पत्ता लिहिणारा माणूस आता शोधून सापडणार नाही.

पण आज मला व्हायरस लिहिणाऱ्यांबद्दल नाही, तो ज्यांच्याकडे आला त्यांच्याबद्दल लिहायचंय. म्हणजे तुमच्याआमच्याबद्दल.

मुळात 'व्हायरस' हा शब्द. १९८३ साली फ्रेड कोहेन नावाच्या विद्यार्थ्याने कॅलिफोर्नियात, स्वतःची नक्कल करत पसरणारा प्रोग्रॅम करून दाखवला. त्याचे गुरू लेनर्ड एडलमन (आरएसए या प्रसिद्ध कूटपद्धतीतला 'ए' म्हणजे हेच) यांनी त्याला व्हायरस हे नाव सुचवलं. या प्रयोगावर विद्यापीठातल्या मशीन सांभाळणाऱ्यांनी काय केलं असेल? पुढचे प्रयोग करायला परवानगी नाकारली. प्रश्न दिसला की प्रश्न दाखवणाऱ्याला गप्प करायचं, ही प्रतिक्रिया अशी अगदी पहिल्या दिवसापासूनची आहे. दुसरी प्रतिक्रिया, असलं काही नसतंच. पीटर नॉर्टनसारख्या जाणत्या माणसाने १९८८ मध्ये व्हायरस म्हणजे न्यूयॉर्कच्या गटारातल्या मगरींसारखी दंतकथा आहे असं सांगितलं होतं. पुढे दोन-तीन वर्षांतच त्यांचंच नाव लावलेला अँटिव्हायरस बाजारात आला. असो.

नाव रोगाचं ठेवलं की उपायही रोगाचेच सुचतात. आमच्या कॉलेजच्या लॅबबाहेर 'पादत्राणे बाहेर काढावीत' आणि त्याखाली 'बाहेरच्या फ्लॉप्या आणू नयेत' अशा दोन पाट्या होत्या, आणि बऱ्याच मुलांची प्रामाणिक समजूत होती की दोन्हींचं कारण एकच आहे. वर्तमानपत्रात 'संगणक विषाणू' असं छापून यायचं. माझ्या आजीने एकदा विचारलं होतं, "अरे, त्याच्यासमोर बसून तुलाच काही व्हायचं नाही ना?" आम्ही तिला खूप हसलो. पण लॅबमधल्या आमच्या सरांचं वागणं तिच्या प्रश्नापेक्षा फार वेगळं होतं असं आता वाटत नाही. मशीनचं एक सोवळं होतं. घरातलं ते शुद्ध, बाहेरून आलं ते बाटलेलं. मग 'बाहेरचं' म्हणजे कुठलं, हे ज्याचं त्याने ठरवायचं.

आता मायकेलअँजेलो. हा व्हायरस १९९१ मध्ये सापडला. ६ मार्चला, आणि फक्त त्याच दिवशी, मशीन चालू केलं की हा हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहून टाकायचा. ६ मार्च हा चित्रकार मायकेलअँजेलोचा जन्मदिवस, म्हणून शोधणाऱ्यांनी ते नाव दिलं, व्हायरसमध्ये त्या बिचाऱ्याचा उल्लेख सुद्धा नाही. १९९२ च्या सुरुवातीला अमेरिकेत याची अशी काही हवा झाली की विचारू नका. अँटिव्हायरसवाले जॉन मॅकॅफी यांच्या तोंडी पन्नास लाख मशीन बाधित असू शकतील असा आकडा छापून आला. टीव्हीवर बातम्या. शुक्रवार, ६ मार्च १९९२ ला कॉम्प्युटर लावूच नका, किंवा आदल्या दिवशी घड्याळ पुढे करून ७ तारीख टाका, असे सल्ले. म्हणजे थोडक्यात अमावास्येला प्रवास करू नका. दिवस उजाडला आणि मावळला. जगभरात मिळून दहा-वीस हजार मशीन गेली असावीत असा अंदाज निघाला. मग लोक म्हणाले, हात्तिच्या, एवढंच? आणि व्हायरसची भीती ही कंपन्यांनी माल खपवायला काढलेली आवई आहे असं ठरवून सगळे मोकळे झाले.

त्या सगळ्या गोंधळात एक बातमी मात्र लोक विसरले. त्या जानेवारीत लीडिंग एज नावाच्या अमेरिकन कंपनीने विकलेल्या नव्या कोऱ्या पीसींमध्ये मायकेलअँजेलो निघाला होता. इंटेलच्या एका सॉफ्टवेअरच्या सुमारे ८०० प्रतीही तो घेऊनच बाहेर पडल्या होत्या. म्हणजे सीलबंद, पावतीसकट, नामांकित कंपनीचा माल. सोवळ्यातलाच म्हणा ना!

१९९२ मध्ये आमच्याकडे मशीनच नव्हतं. साताऱ्यात माझ्या काकाचं डीटीपीचं दुकान १९९३ मध्ये सुरू झालं. एक ३८६, त्यावर विंडोज ३.१ आणि पेजमेकर, लेझर प्रिंटर, बाहेर 'लग्नपत्रिका, हँडबिले, अहवाल'. दुकान पोटासाठी होतं, पण काकाचा जीव गुंतला होता आमच्या कुलवृत्तांतात. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, एका कुळातल्या सगळ्या शाखा, सगळी माणसं, कोण कुठून कुठे गेलं, याची छापलेली जंत्री. काकाने गावोगावच्या जोश्यांना छापील फॉर्म पाठवले होते. उत्तरं यायची पोस्टकार्डांवर, आंतर्देशीय पत्रांवर, वहीच्या फाडलेल्या पानांवर. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती टाइप व्हायची. टाइप झालं, वाचून तपासलं, की कागद रद्दीत. "आता कॉम्प्युटरात आहे की सगळं," काका म्हणायचा.

१९९४ च्या दिवाळीनंतर काकाने टायपिंगला एक मुलगा ठेवला. माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा, बारावी नापास, बोटं मात्र अशी चालायची की बघत राहावं. मी तेव्हा अकरावीत. आमची गट्टी जमली ती 'प्रिन्स ऑफ पर्शिया'मुळे. मी त्याच्या मागे लागलो होतो आणि त्याने कुठल्याशा क्लासमधून तो गेम फ्लॉपीवर आणून दिला. काका जेवायला घरी गेला की आम्ही दोघं आळीपाळीने तटावरून उड्या मारायचो.

६ मार्च १९९५ ला सोमवार होता. सकाळी काकाने मशीन चालू केलं, ते चालू झालंच नाही. पुन्हा केलं. नाही. पुण्याहून जो इंजिनिअर आला त्याने दोन दिवसांनी निदान केलं, मायकेलअँजेलो. ज्या व्हायरसची तीन वर्षांपूर्वी सगळ्यांनी टिंगल करून झाली होती, तोच. हार्ड डिस्कवरचं काहीही हाताला लागलं नाही. (हे आठवलं की वाटतं, त्याच सुमाराला पुण्यातच कॅल्क्युलेटर दुरुस्त करणारे कैलास काटकर आणि त्यांचा भाऊ संजय असल्याच गिऱ्हाइकांची मशीन बघता बघता अँटिव्हायरसच्या धंद्यात उतरत होते. पुढे त्याचंच क्विक हील झालं. काकासारखी गिऱ्हाइकं तेव्हा गावोगाव असणार.)

इंजिनिअरने विचारलं, "गेम वगैरे खेळतं का कुणी?" संपला विषय. ड्रॉवरमध्ये प्रिन्सची फ्लॉपी होती, तिच्यावर त्या मुलाचं अक्षर होतं. काका ओरडला नाही. त्याने आठवड्याचे पैसे मोजले आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तो मुलगा म्हणाला, "काका, मी फक्त गेम आणला होता." काकाने वर पाहिलं नाही. मी तिथेच स्टुलावर बसलो होतो. गेम मी मागितला होता हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. मी प्रिंटरचा कागद सरळ करत बसलो.

आता जरा तांत्रिक सांगतो, कंटाळू नका, कारण सगळी गोम इथेच आहे. मायकेलअँजेलो, जोशी, ब्रेन हे सगळे बूट सेक्टरचे व्हायरस. प्रत्येक फ्लॉपीच्या अगदी सुरुवातीला एक छोटासा तुकडा असतो आणि मशीन चालू होताना ड्राइव्हमध्ये फ्लॉपी राहिलेली असेल तर मशीन आधी तो तुकडा चालवून बघतं. फ्लॉपीवर गेम आहे, पत्र आहे, की काहीच नाही, याच्याशी त्याचा संबंध नाही. कोरी, नुसती फॉरमॅट केलेली फ्लॉपी सुद्धा व्हायरस वाहू शकते. 'ही सिस्टिम डिस्क नाही' असा संदेश स्क्रीनवर यायचा आठवतो? तो संदेश दिसेपर्यंत काम झालेलं असायचं. आपण फ्लॉपी काढून एंटर मारायचो आणि व्हायरस आरामात हार्ड डिस्कवर जाऊन बसायचा. तिथून मग लिहिता येण्याजोग्या दिसेल त्या फ्लॉपीवर. म्हणजे गेमच्या फ्लॉपीवर बंदी घालून, मुलांना दम देऊन, चपला बाहेर काढून काहीएक फरक पडत नव्हता. उलट धाकाने एवढंच व्हायचं, की ज्याच्या फ्लॉपीत व्हायरस सापडला तो कुणाला सांगायचा नाही. आपलं नाव व्हायला नको म्हणून गुपचूप फॉरमॅट मारायचा, आणि त्याने ज्यांना ज्यांना ती फ्लॉपी दिली होती ते तसेच राहायचे. आणि साध्या फॉरमॅटने हार्ड डिस्कवरचा हा व्हायरस जायचाही नाही.

फ्लॉपीचा जमाना गेला तरी ही सवय गेली नाही. ४ मे २००० ला मनिलाहून 'आय लव्ह यू' नावाची मेल निघाली आणि एका दिवसात जगभर गेली. ब्रिटनच्या संसदेने आपली मेल यंत्रणा बंद ठेवली होती. मी तेव्हा नुकताच नोकरीला लागलो होतो. ऑफिसात 'उघडली कुणी?' याची चौकशी दोन दिवस चालली आणि अकाउंट्समधल्या एका बाईंची लोकांनी नंतर वर्षभर थट्टा केली. पत्र प्रेमाचं, त्यामुळे थट्टेला काय तोटा! आता, ती मेल ओळखीच्याच माणसाकडून यायची. जोडलेली फाइल टेक्स्टची वाटावी अशी होती, कारण फाइलच्या नावाचा शेवटचा तुकडा, जो ती प्रोग्रॅम आहे हे सांगणारा होता, तो विंडोज आपणहून लपवायचं. ही सोय कुणी ठरवली, हे आमच्या ऑफिसात कुणीही विचारलं नाही. मीही नाही. ओनेल डी गुझमन या मुलाने तो लिहिला होता. फिलिपिन्समध्ये त्या वेळी लागू होईल असा कायदाच नसल्यामुळे त्याला शिक्षा झाली नाही. आपल्याकडचा माहिती तंत्रज्ञान कायदा सुद्धा त्याच वर्षी १७ ऑक्टोबरला लागू झाला. २०२० मध्ये डी गुझमनने एका पत्रकाराजवळ कबूल केलं की हो, मीच. इंटरनेटला पैसे नव्हते म्हणून लोकांचे पासवर्ड मिळवायचे होते, इतकंच.

आणि आताचं घ्या. माझ्या एका आत्याने फोनवर आलेला ओटीपी कुणालातरी सांगितला आणि खात्यातले पैसे गेले. तिने ही गोष्ट चार दिवस घरात कुणाला सांगितली नाही. का, तर "तुम्ही सगळे मलाच बोलला असता." खरंच बोललो असतो. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात असं होतं की ग्राहकाने स्वतःच गुप्त माहिती दिल्यामुळे नुकसान झालं तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही बँकेवर टाकलेली होती. म्हणजे जितक्या लवकर तोंड उघडाल तितकं बरं. आणि आम्ही घरच्यांनी तिला तोंड उघडायचीच चोरी करून ठेवलेली.

तर, तो बिस्किटांचा डबा. काका जाऊन सहा वर्षं झाली. कुलवृत्तांत १९९८ मध्ये छापून झाला. १९९४ च्या गणपतीपर्यंतचा मजकूर बॅकअपच्या फ्लॉप्यांवर होता, तो वाचला. त्यानंतरचा गेला, कागद रद्दीत गेलेले. बऱ्याच जणांनी पुन्हा लिहून पाठवलं. पण नागपूरकडच्या एका शाखेची माहिती एका म्हाताऱ्या गृहस्थांनी चौदा पानी पत्रात कळवली होती आणि काकाचं दुसरं पत्र जाईपर्यंत ते वारले होते. पुस्तकात त्या शाखेपुढे 'माहिती अपूर्ण' असं आहे.

डब्यातल्या फ्लॉप्या म्हणजे त्याच बॅकअपच्या. काकाच्या अक्षरात 'कुलवृ. ३, गणपती ९४', आणि लिहिता येऊ नये म्हणून खिडकी उघडी करून वर चिकटपट्टी लावलेली. चिकटपट्टी पिवळी पडून कडक झाली होती. यूएसबीला लागणारा फ्लॉपी ड्राइव्ह मागवला, आणि या क्षेत्रात काम करणाऱ्या एका मित्राला घरी बोलावलं. पहिल्या दोन फ्लॉप्या वाचताच आल्या नाहीत. तिसरी लागली आणि अँटिव्हायरसने लाल चौकोन दाखवला. मायकेलअँजेलो.

चिकटपट्टी नंतर लावली असेल, असं कुणी म्हणू शकतं. पण मला काका माहीत आहे, तो बॅकअप झाला की तिथल्या तिथे पट्टी लावायचा. तो मुलगा कामाला आला त्याच्या दोन महिने आधी व्हायरस आमच्याकडे होता. आला कुठून? त्या वर्षी काका पॉझिटिव्ह काढायला महिन्यातून दोनदा एसटीने फ्लॉप्या घेऊन पुण्याला जायचा, तिथल्या मशीनला त्या लागायच्या, परत यायच्या. त्या फ्लॉप्यांना आमच्या दुकानात 'बाहेरच्या' असं कुणी कधी म्हटलं नाही.

कोरेगाव रस्त्याला त्या मुलाचं आता फ्लेक्स छपाईचं मोठं दुकान आहे. मुलगा कसला, पन्नाशीला आलाय. गेल्या रविवारी फ्लॉपी खिशात घालून गेलो. तेव्हा आम्ही अरेतुरे करायचो. आता त्याने "या, बसा" म्हणून खुर्ची पुढे केली आणि शेवटपर्यंत मला अहोजाहोच करत राहिला. मी सगळं सांगितलं. गेम मी मागितला होता हे सुद्धा. तो फ्लॉपी हातात उलटसुलट करून बघत होता. चहा आला. मग म्हणाला, "ते नागपूरचं चौदा पानांचं पत्र मीच टाइप केलं होतं. जांभळी शाई होती. काकांनी पुन्हा मिळवलं का ते?"

नाही म्हटलं.

तो थोडा वेळ छताकडे बघत बसला. म्हणाला, "तीन भाऊ होते. मधला रेल्वेत, बिलासपूरला." आणि त्याने एकेक करून तिघांची नावं सांगितली. मी खिशात कागद शोधला, सापडला नाही. त्याने बिलबुकातलं एक पान फाडून पुढे केलं.